पॅनेलवरचं विषुववृत्त

सोमवार, ३ नोव्हेंबर

नवी वही. जुनीत संकल्प फार झाले होते, जागा उरली नव्हती.

आज शाळेत पॅनेल आलं. भिंतीएवढा टीव्ही, पण बोट लावलं की चालतो. एका माजी विद्यार्थ्याने दिलं. नववीच्या वर्गात बसवलं, म्हणजे माझ्या वर्गात. स्टाफरूममधले चेहरे पाहण्यासारखे होते. शिपाई म्हणाला, नववीच्याच भिंतीला ओल नाही म्हणून. कारण काही का असेना.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना कोणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. दहावीचे सर डिसेंबरअखेर निवृत्त होतायत. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, तिन्ही विषय त्यांच्याकडे. जानेवारीपासून ते कोणाकडे द्यायचे हे ठरवायचंय. नावं दोन. मी, आणि सहावीला शिकवणाऱ्या नव्या बाई. २८ तारखेला तपासणी समिती येईल, दोघांचा नमुना पाठ बघेल, मग निर्णय.

मी म्हटलं, यात ठरवण्यासारखं काय आहे. तेवीस वर्षं आठवी-नववी केली, दहावीच्या दारापर्यंत मुलं मीच आणून सोडतो. त्या म्हणाल्या, बघू. त्यांच्या तोंडी 'बघू' म्हणजे जवळजवळ होच.

घरी सांगून टाकलं, दहावी मिळाली. बायको ड्यूटीवर निघाली होती. चपला घालता घालता तिने विचारलं, ऑर्डर हातात आली का. नर्स लोकांना सगळं लेखी लागतं.

मेव्हण्यालाही फोन केला. तो म्हणाला, वा, भाऊजी, फारच उशिरा दिली. मी म्हटलं, आली ना.

बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रशिक्षण. सबंध दिवस.

शिकवणारा तरुण. गालाला माईक चिकटवलेला. आम्ही त्याच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, तरी माईक. म्हणाला, शिक्षकाने तासाच्या वीस टक्केच बोलावं. बाकीचं मुलांनी आणि पॅनेलने. मग माझ्याकडे वळून विचारलं, सर, तुम्ही साधारण किती बोलता.

मी तोंड उघडायच्या आत आमचे पीटीचे सर, ज्यांना सगळे शिट्टी म्हणतात, ते म्हणाले, यांना सुरू करू नका हो, आम्हाला घरी जायचंय. लोक हसले. मीही हसलो. पण जेवणाच्या सुट्टीत विचार केला. तेवीस वर्षं मी शंभर टक्के बोलत आलो. घसा उगाच झिजवला.

संकल्प. उद्यापासून वीस टक्के.

नव्या बाई तिथे वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. पेनने. त्यांचं काही खरं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पॅनेलवर पहिला तास. जगाचा नकाशा उघडला, एका फटक्यात उघडला. विषुववृत्त काढायला पॅनेलचं पेन सापडेना. खिशात मार्कर होता.

विषुववृत्त सुरेख आलं. डावीकडून उजवीकडे, पट्टीशिवाय, कुठे थरथर नाही. माझा हात अजून आहे.

पुढची स्लाइड लावली. विषुववृत्त तिथेच. त्याच्या पुढचीही लावली. संसद भवनाच्या फोटोतून विषुववृत्त गेलं.

पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, तिला कायम काहीतरी शंका असते, म्हणून नावच शंका पडलंय. तिने विचारलं, सर, हा परमनंट मार्कर आहे का. मी म्हटलं, विषुववृत्त परमनंटच असतं. वर्ग हसला. विनोदाचा वापर हाही एक अध्यापन-तंत्राचा भाग आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बायकोच्या कपाटातून स्पिरिट आणि कापूस घेऊन अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर थांबलो. पुसलं. रेघ बरीच फिकी झाली. ज्याला माहीत नाही त्याच्या नजरेस येणार नाही.

बायकोने बाटली रिकामी बघून विचारलं, पेशंट कोण होता. मी म्हटलं, जग. ती म्हणाली, वाचला का.

सोमवार, १० नोव्हेंबर

काल 'उलटा वर्ग' या पद्धतीसाठी व्हिडिओ केला. यात मुलं धडा घरी बघतात आणि अभ्यास वर्गात करतात. विषय: नियम कोण करतं. स्वयंपाकघरात उजेड चांगला म्हणून तिथेच उभा राहिलो. अर्ध्यावर मागून बायकोचा आवाज आला, अहो, दूध उतू गेलं. पुन्हा रेकॉर्ड करायला अंगात त्राण नव्हतं. तसाच पाठवला.

आज वर्गात विचारलं, किती जणांनी पाहिला. सगळे हात वर. इतक्या वर्षांत मी असे हात पाहिले नव्हते. विचारलं, काय लक्षात राहिलं. मागच्या बाकावरून आवाज, दूध. मग चार दिशांनी प्रश्न आले. सगळं गेलं का. बाई काय म्हणाल्या. पातेलं कोणी घासलं. मी म्हटलं, मी.

सहभाग शंभर टक्के. माझं बोलणं एका शब्दाचं. पद्धत यशस्वी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गटकार्य. बाक गोल लावायचे होते. लावण्यात तास गेला. खालच्या वर्गातून निरोप आला, वर काय पाडताय. शेवटचा गट बसला आणि घंटा झाली. चर्चा झाली नाही, पण गट झाले. पुढचा तास शिट्टीचा होता. तो दारात उभा राहून म्हणाला, हे बाक परत लावून घेतो, आजचा व्यायाम झाला.

पाठीत चमक. बायकोने पट्टी लावून दिली. म्हणाली, तुम्ही पूर्वी उभं राहून बोलायचात तेव्हा पाठ बरी होती.

वैद्यकीयदृष्ट्या याला काही आधार नसावा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वर्गसंसद. भूमिका वाटल्या. सभापती शंका. मी मागे उभा, गप्प. वीस टक्के सुद्धा नाही. शून्य.

पहिला ठराव गृहपाठ रद्द करण्याचा. मागच्या बाकाने मांडला, पुढच्या बाकाने अनुमोदन दिलं. विरोधी पक्ष नेमला होता, तो भाषण न करता सत्ताधाऱ्यांना जाऊन मिळाला. ठराव एकमताने मंजूर. दुसरा ठराव आजचा तास इथेच संपवण्याचा. मी हात वर केला. सभापती म्हणाली, पाहुण्यांनी मध्ये बोलू नये.

सभागृह बरखास्त केलं. गृहपाठ दुप्पट दिला. शंकेने विचारलं, सर, मग हे कोणत्या कलमाखाली. मी म्हटलं, घंटा होतेय, दप्तरं भरा. घंटा झाली नव्हती.

रविवार, १६ नोव्हेंबर

नमुना पाठाच्या स्लाइड, धडा तोच, नियम कोण करतं. बावीस झाल्या. नियोजन लिहून काढलं, मिनिटांसकट. मोठ्या बाईंना उद्या देणार. मेव्हण्याने विचारलं, दहावीचं पुस्तक घेतलंत का. घेतलं. वर कव्हरही घातलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

वाया गेलेला दिवस.

तास सुरू करायला गेलो तर पॅनेलवर एक गोल फिरत होता. खाली लिहिलेलं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. गोल फिरला, फिरला. मुलं गोलाकडे बघत होती, मी मुलांकडे. फळ्याचा बराचसा भाग पॅनेलखाली गेलाय. शेवटी काही इलाज नव्हता. बाकाच्या कडेला टेकलो आणि नुसतं बोलावं लागलं.

नियम कोण करतं, हा धडा. तोंडाला येईल ते सांगत गेलो. आमच्या गल्लीत सार्वजनिक नळ होता, पहाटे थोडा वेळ पाणी यायचं. रांगेत रात्रभर कोण उभं राहणार, म्हणून बायका संध्याकाळीच आपापला दगड रांगेत ठेवून जायच्या. प्रत्येक घराचा दगड ठरलेला. आमच्या आत्याचा चपटा, काळा, एका कोपऱ्याला फुटलेला. अंधारातही ओळखू यायचा. एकदा एका घराने दोन दगड ठेवले, पाहुणे आलेत म्हणून. भांडण. मग सगळ्या पायरीवर बसल्या आणि नियम केला. एक घर, एक दगड. आजारी माणसाचं घर पहिलं. पण आजारी कोण हे ठरवणार कोण, यावर पुन्हा भांडण. मग तेही ठरलं, दर आठवड्याला वेगळं घर ठरवेल. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टोकाच्या खोलीतली नवी भाडेकरीण रिकामी बादली घेऊन आली. तिच्याकडे दगडच नव्हता. ती म्हणाली, हे तुम्ही ठरवलंत कधी, आणि मला कोणी विचारलं.

इथवर आलो आणि पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात दिसले. घंटा होऊन गेली होती म्हणे. एकही मूल उठलं नव्हतं. एरवी घंटेच्या आधी दप्तरं बंद होतात. वर्गात घंटा नीट ऐकू येत नसावी. तक्रार करायला हवी.

माझं बोलणं, शंभर टक्के. नियोजनाची वाट लागली. कोणाला कळू देणार नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अपडेट पूर्ण. पॅनेल आता आधीपेक्षा हळू चालतं.

मधल्या सुट्टीत बेशिस्त. पाण्याच्या टाकीसमोर खोडरबर, कंपास, एक बूट, असं ओळीने मांडलेलं. नववीची मुलं बाजूला सावलीत बसून वाद घालत होती. आठवीतल्या एकाला रांगेत घ्यायचं की नाही, आणि हे नववीने एकटीने ठरवायचं का. शंका मध्यस्थी करत होती. मी सगळं उचलायला लावलं. बूट कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शिट्टीला म्हटलं, तुझं लक्ष कुठे असतं. तो म्हणाला, सर, आज पहिल्यांदा टाकीपाशी धक्काबुक्की नाही झाली, म्हणून मी डबा खात होतो. घंटेचंही विचारलं. म्हणाला, घंटा गेटबाहेरच्या टपरीवर ऐकू जाते.

त्याचं कान देऊन ऐकण्याचं वय गेलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नव्या बाई स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीपाशी आल्या. सर, तुमची नळाची गोष्ट मला सांगाल का. नववीतल्या एकीची धाकटी बहीण सहावीत आहे, तिने माझ्या वर्गात अर्धी सांगितली, आता मुलं पुढचं विचारतायत. त्या भाडेकरणीचं काय झालं.

मला वाईट वाटलं. समिती नऊ दिवसांवर आलीय आणि ही मुलगी गोष्टी गोळा करत फिरतेय. मी म्हटलं, बाई, ते गप्पांचं झालं, शिकवणं वेगळं. माझ्या स्लाइड पेनड्राइव्हवर दिल्या. प्रतिस्पर्धी असली म्हणून काय झालं. त्यांनी पेनड्राइव्ह घेतला. म्हणाल्या, थँक यू, सर. पण मला ती भाडेकरीण हवी होती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पेपर तपासले. थकवा.

चाचणीत मुलांनी 'नियम कोण करतं' याला पान-पान उत्तर लिहिलंय. बाकीच्या प्रश्नांना दोन ओळी. उत्तरांत दगड येतो, पायरी येते. पुस्तकातली व्याख्या एकाचीही नाही. गुण कापले. शंकेने शेवटी लिहिलंय, नियम जे करतात त्यांत कोण नाही, हे पण बघावं लागतं. कंसात, सर, पुढे काय झालं.

चाचणीत प्रश्न विचारायचा अधिकार माझा आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

रंगीत तालीम. प्रेक्षक बायको. तिची कालच नाइट संपलेली. नवव्या स्लाइडला तिचे डोळे मिटले. याचा अर्थ आवाजाची पट्टी योग्य आहे, कानाला त्रास होत नाही. अकराव्या स्लाइडला उठून तिने विचारलं, झालं का. म्हटलं, अर्धं. ती म्हणाली, तुम्ही कुठे आहात यात. म्हटलं, वीस टक्के. ती म्हणाली, तेवढेही दिसले नाहीत.

नळाचं तिला सांगितलं नाही. तिला आत्याची गोष्ट लग्नाच्या आधीच सांगून झालीय. तिने तेव्हा होकार दिला होता. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सगळं तयार. पॅनेलसोबत आलेले टॅब चार्ज. दोन मुलांत एक. तासाच्या मध्यावर मुलांना प्रश्न टाकायचा: हा धडा तुम्हाला कशामुळे समजला. मुलं एकेक शब्द लिहिणार, पॅनेलवर ते शब्द उमटणार. जो शब्द जास्त जणांनी लिहिला तो मोठा होत जाणार. समितीसमोर थेट. 'पॅनेल' हा शब्द एवढा मोठा होईल की चौकटीत मावणार नाही. 'व्हिडिओ' दुसरा.

वीज जाईल या भीतीने खिशात खडू ठेवलाय. विषुववृत्तावरून पुन्हा एकदा कापूस फिरवला.

दाढी, इस्त्री. बायकोने पेन दिलं, म्हणाली, सही करायला लागेल ना ऑर्डरवर. ती थट्टा करत होती की नाही, ते ठरवता आलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

वीज गेली नाही.

समितीत तिघं. दोन पुरुष आणि अध्यक्षबाई. बाईंचा चष्मा पूर्ण वेळ कपाळावर. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर.

सुरुवात चांगली. बोलणं वाचवायला मी हाताने खुणा करत होतो. पाचव्या स्लाइडला समितीतल्या एकाने हळूच विचारलं, सरांचा घसा बसलाय का. सहाव्या स्लाइडला दुसऱ्याने विचारलं, ही आडवी रेघ कसली. मी म्हटलं, विषुववृत्त. स्लाइडवर मतपेटीचा फोटो होता. त्याने लिहून घेतलं.

मग प्रश्न टाकला. मुलं टॅबवर वाकली. पॅनेलवर शब्द उमटायला लागले. आधी छोटासा 'नळ'. मग तो वाढला. वाढत वाढत भिंतभर झाला. त्याच्या बाजूला 'दगड'. कोपऱ्यात बारीक 'दूध'. 'पॅनेल' शोधत राहिलो, कुठेच नव्हतं. 'नळ' या शब्दाच्या मधोमध विषुववृत्त.

अध्यक्षबाईंनी विचारलं, हे नळ काय आहे. मी म्हटलं, तांत्रिक बिघाड. शंका उभी राहिली, कोणी सांगितलं नसताना. म्हणाली, बिघाड नाही, बाई. पॅनेल बंद होतं त्या दिवशी सरांनी गोष्ट सांगितली. त्यातूनच कळलं. पण अर्धीच राहिली. वर्ग म्हणाला, हो, अर्धीच.

समितीसमोर. ज्या दिवशी माझं यंत्र बंद होतं, तो माझा सर्वांत चांगला तास, असं ती मुलगी उभी राहून सांगत होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाल्या, मग सांगा ना, सर. आम्हीही ऐकू. पुढे काय झालं.

वर्ग सरळ होऊन बसला. मागचा बाक सुद्धा. मोठ्या बाईंनी हातातला फोन उलटा ठेवला. मला वाटतं दाराबाहेर नव्या बाई होत्या, त्यांचा पाठ नंतर होता.

तोंडात आलं होतं. आत्या पायरीवर, भाडेकरीण समोर, बादली. घड्याळ पाहिलं. माझं वीस टक्के बोलणं संपलं होतं. मी म्हटलं, ते नियोजनात नाही. चौदावी स्लाइड लावली. तिच्यावर बाण आहेत. वरून खाली आणि खालून वर.

चष्मा परत कपाळावर गेला.

घंटा झाली. सगळ्यांना लगेच ऐकू आली. दुरुस्त केली असावी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

विचार करता पाठ वाईट झाला नाही. कारणं अशी. बावीसपैकी सतरा स्लाइड दाखवून झाल्या. वीस टक्के पाळलं. प्रश्न समितीने विचारले, म्हणजे समितीचाही सहभाग होता. शंकेने घात केला, पण ती मुलांच्या वाढीतली अवस्था आहे.

बायकोने विचारलं, मग सांगितली का नाहीत गोष्ट. मी म्हटलं, नियोजनात नव्हती. ती पाय गरम पाण्यात घालून बसली होती. म्हणाली, आमच्याकडे नियोजनात नसलेलेच पेशंट जास्त येतात.

मी टीव्ही लावला.

शुक्रवार, ५ डिसेंबर

मोठ्या बाईंनी बोलावलं. बसा म्हणाल्या. त्या सहसा बसा म्हणत नाहीत.

दहावी नव्या बाईंकडे.

त्या म्हणाल्या, बाईंनी पाठात काही लावलं नाही, नुसत्या मुलांना विचारत गेल्या. समितीला आवडलं. मी म्हटलं, साधनं वापरलीच नाहीत तर गुण कशाचे दिले. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही आधी जे करायचात ते का थांबवलंत. मी म्हटलं, प्रशिक्षण झालं ना. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. प्रशिक्षणाला मीच पाठवलं होतं, असं म्हणाल्या. बघू, म्हणाल्या.

आता सहावी रिकामी होतेय. तिथे अनुभवी माणूस हवा. आठवी-नववीबरोबर तीही माझ्याकडे. ही एक प्रकारे बढतीच. दोनाच्या जागी तीन वर्ग.

मेव्हण्याला अजून सांगितलं नाही. दहावीच्या पुस्तकाचं कव्हर काढलं. सहावीचं पुस्तक लहान आहे, त्याला सैल बसतं.

सोमवार, १५ डिसेंबर

पॅनेल दहावीत हलवलं. बोर्डाची परीक्षा त्यांची, म्हणून. शिपायाला विचारलं, तिथल्या भिंतीला ओल आहे ना. तो म्हणाला, आता तिकडेच लावायचं म्हणतायत, मग ओल नाही.

माझा फळा पूर्ण मोकळा झाला. त्याला बोल्टची चार भोकं.

नव्या बाई भेटल्या. म्हणाल्या, मुलं विचारतात ही पॅनेलवरची रेघ कसली. मी सांगितलं, ती सरांची आहे. पुसायला माणूस येणार होता, नको म्हटलं. मी म्हटलं, स्पिरिट आणून देतो. त्या नको म्हणाल्या.

बरोबर आहे. विषुववृत्त शिकवायला तयार मिळालं.

बुधवार, ३१ डिसेंबर

वर्षअखेर. संकल्प नाही. झोप.

सोमवार, ५ जानेवारी

सहावीचा पहिला तास. जिन्याखालची खोली. खिडकी एक, पॅनेल नाही, प्लग सुद्धा नाही. दुसऱ्या पॅनेलसाठी अर्ज लिहून नेला होता, तास झाला की द्यायचा म्हणून खिशात. मुलं फार लहान. पाय जमिनीला टेकत नाहीत.

हजेरी झाल्यावर काय करायचं ते सुचेना. वीस टक्के बोलायचं, तर उरलेलं कोण बोलणार, यांच्याकडे टॅब नाहीत. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, तुम्हीच का ते नळवाले सर. माझ्या ताईने अर्धी सांगितलीय. ही शंकेची बहीण. चेहरा तोच.

पाठ कंटाळली होती. बाकाच्या कडेला टेकलो.

सांगितलं. भाडेकरणीने विचारलं, मला कोणी विचारलं. मग आमची आत्या उठली. रांगेतला आपला फुटका काळा दगड उचलला, पदराखाली घेतला आणि म्हणाली, बसा गं सगळ्या, पुन्हा ठरवू. तिचा दगड पहिला होता. मग भाडेकरीणही पायरीवर बसली. पुन्हा पहिल्यापासून ठरवायला सुरुवात झाली. एक घर, एक दगड. दगड नसेल तर. घर म्हणजे काय. चांगला उजाडेपर्यंत.

एका मुलाने विचारलं, आणि पाणी. मी म्हटलं, पाणी तोवर गेलं होतं. त्या दिवशी कोणालाच मिळालं नाही. आत्या घरी येऊन शेजारणीकडून तांब्याभर मागून आणायला गेली, तर शेजारीणही रिकामीच.

वर्ग हसला. मग कोणी म्हणालं, पण दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी एक दगड जास्त होता.

ते विचारत राहिले, मी सांगत राहिलो. नियोजनातलं काहीच झालं नाही. अर्ज खिशातच राहिला. वर पाहिलं तर शिट्टी दारात उभा होता. कधीचा कोण जाणे. त्याचा तास सुरू होऊन अर्धा झाला होता आणि मुलं मैदानावर आलीच नव्हती. मी म्हटलं, अरे, घंटा तरी द्यायची. तो म्हणाला, दिली होती.

इथेही ऐकू येत नाही. उद्या मोठ्या बाईंना लेखी तक्रार.